सरकारी वकील असताना पीडिताला स्वतःचा वकील देता येतो का?

भावाला मारहाण झाली, गुन्हा नोंदवून चार महिने झाले, पोलीस काही सांगत नाहीत आणि 'सरकारी वकील आहेत, तुमचा वकील चालणार नाही' असं तुम्हाला कुणीतरी ऐकवलंय. ते चूक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८(८) खाली कोर्टाच्या परवानगीने पीडिताचा वकील सरकारी पक्षाला साहाय्य करू शकतो. उलटतपासणी मात्र तो स्वतः घेत नाही. प्रश्न काढून सरकारी वकिलांच्या हाती देतो.

वकीलपत्र आत्ताच दाखल करा, दोषारोपपत्राची वाट पाहू नका. त्यावर सही भावाची हवी, कारण पीडित तो आहे. कलम २३० नुसार दोषारोपपत्राच्या प्रती पीडितालाही मोफत मिळतात, पण त्याच्यातर्फे वकील हजर असेल तरच. वकीलपत्र नसलं की लोक नकलेसाठी महिनोन्‌महिने खेटे घालतात. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. महिला, बालकं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवणं कलम १९३(३) खाली पोलिसांवर बंधनकारक आहे. तुमची मुदत उलटलीय. गुन्हा क्रमांक घालून पोलीस ठाण्यात दोन प्रतींत अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. तोंडी विचारपूस कितीही केली तरी नंतर दाखवायला हातात काही राहत नाही. पोलिसांनी 'ब समरी' (तक्रार खोटी असल्याचा अहवाल) किंवा 'क समरी' (तक्रार गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची असल्याचा अहवाल) पाठवून प्रकरण बंद करायला मागितलं असेल तर घाबरू नका: ती मंजूर करण्याआधी मॅजिस्ट्रेटने फिर्यादीला नोटीस द्यावी लागते, आणि तुम्ही हरकत घेऊ शकता. म्हणून फिर्यादीतला पत्ता आणि फोन बदलला असेल तर लगेच लेखी कळवा. जुन्या पत्त्यावर गेलेली नोटीस इथे फार नुकसान करते.

जामिनाच्या सुनावणीत पीडिताचं म्हणणं ऐकलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये लखीमपूर खेरी प्रकरणात स्पष्ट केलं. आरोपीकडून धमकी आली तर तारीख, वेळ, साक्षीदार लिहून लगेच तक्रार द्या. जामीन रद्द करायच्या अर्जाला तोच आधार लागतो. साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ खालीही अर्ज करता येतो.

खटल्यात आरोपी सुटला, हलक्या कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी दिली, तर कलम ४१३ खाली भाऊ स्वतः अपील करू शकतो. फक्त शिक्षा कमी दिली म्हणून मात्र त्याला अपील नाही. ते सरकारनेच करायचं असतं.