छातीत टोचतंय, वय २७, ईसीजी दोनदा नॉर्मल. तरी हार्ट अटॅक असू शकतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन आठवड्यांपासून छातीत डावीकडे मधूनच सुई टोचल्यासारखं होतं, दोनदा ईसीजी काढला, दोन्ही नॉर्मल, तरी धास्ती जात नाही. आणि अगदी शेवटी, जाता जाता, "वडिलांना पन्नाशीच्या आत अटॅक आला होता, मी दिवसाला पाच-सहा सिगारेटी ओढतो."

मी फिजिशियन आहे, कॅज्युअल्टीत बऱ्याच रात्री काढल्यात. वाचताना मी थबकलो ते या शेवटच्या वाक्याशी. टोचण्यावर तुम्ही बारा ओळी खर्च केल्यात आणि या दोन गोष्टींवर एक. माझ्या मते तुम्ही दोन वेगळे प्रश्न एकत्र गुंतवलेत: "हे दुखणं हृदयाचं आहे का?" आणि "मला अटॅकचा धोका आहे का?" पहिल्याचं उत्तर बहुधा नाही. दुसऱ्याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही.

आधी टोचण्याचं. तुम्ही लिहिता की जागा एका बोटाने दाखवता येते, कळ काही सेकंदच टिकते, खोल श्वास घेतला की वाढते, आणि जिना चढताना नव्हे तर निवांत पडल्यावर येते. हे सगळं छातीच्या भिंतीकडे बोट दाखवतं, म्हणजे बरगड्यांमधले स्नायू किंवा बरगड्या मधल्या हाडाला जिथे कूर्चेने जोडलेल्या असतात तो सांधा. तरुणांमध्ये हे फार आढळतं. हृदयविकाराचा धडा वाचत होतो त्या महिन्यात मलाही नेमकं असंच टोचायचं आणि मी रात्री स्वतःची नाडी मोजत बसायचो. परीक्षा झाली, टोचणं गेलं.

हृदयाच्या दुखण्याला पेशंट बऱ्याचदा "दुखणं" म्हणतच नाहीत. "आवळल्यासारखं होतंय", "छातीवर कुणी बसलंय", "दडपण आलंय" असं म्हणतात, आणि सांगताना बोट नाही, मूठ किंवा अख्खा तळहात छातीवर ठेवतात. विल्यम हेबर्डन या इंग्लिश डॉक्टरने १७६८ मध्येच या दुखण्याचं वर्णन करून ठेवलंय: चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर येतं, थांबलं की ओसरतं. आजही पेशंटला आम्ही पहिल्यांदा तेच विचारतो.

पण वर्णन नेहमी इतकं सरळ मिळत नाही. एका रात्री एक ३१ वर्षांचा माणूस स्वतःच्या पायांनी चालत आला. "डॉक्टर, ॲसिडिटी झालीये, एक इंजेक्शन द्या, सकाळी कामावर जायचंय." पोटाच्या वरच्या भागात जळजळ, दोनदा उलटीसारखं झालेलं. पहिल्या ईसीजीत बोट ठेवावं असं काही नव्हतं, आणि मी ॲसिडिटीचं इंजेक्शन लिहूनही टाकलं होतं. बीपी घ्यायला सिस्टरने त्याची बाही वर सारली आणि माझ्याकडे पाहिलं. एसी चालू असताना शर्ट पाठीला चिकटला होता, कपाळ थंडगार. त्याला थांबवून घेतलं. वीस मिनिटांनी पुन्हा ईसीजी काढला तर हृदयाच्या खालच्या बाजूच्या अटॅकचे बदल स्पष्ट दिसत होते. हृदयाची उजवी रक्तवाहिनी पूर्ण बंद होती, स्टेंट टाकावा लागला. तो वाचला. सिस्टरने बाही सारली नसती तर, हा विचार मात्र माझा पिच्छा सोडत नाही.

म्हणून सांगतो, ईसीजी हा त्या क्षणाचा फोटो असतो. दुखत नसताना काढलेला नॉर्मल ईसीजी फार थोडं सांगतो. अटॅकची शंका असेल तर तो पुन्हा पुन्हा काढतात आणि सोबत रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन, तपासतात. तेही सुरुवातीला नॉर्मल येऊ शकतं, म्हणून काही तासांच्या अंतराने परत पाहतात.

आणखी एक, हृदयाचं नाही म्हणजे किरकोळ, असंही नाही. उंच, सडपातळ तरुणाच्या छातीत अचानक कळ येऊन दम लागला तर फुफ्फुसाला छिद्र पडून ते आकसलेलं असू शकतं. एका पायाला सूज आणि दम असेल तर फुफ्फुसात गेलेली गुठळी. ताप-सर्दीनंतर छातीत दुखतंय, आडवं झालं की वाढतं, पुढे वाकून बसलं की बरं वाटतं, तर हृदयाच्या आवरणाची सूज. यातलं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आता दुसरा प्रश्न. कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी वय २२, आणि सुमारे ७७ टक्के जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आजाराच्या कमी-अधिक खुणा होत्या. म्हणजे चरबीचा थर विशीतच बसायला लागतो आणि तेव्हा काहीच दुखत नाही. पुढे एक दिवस तो थर फाटतो, त्यावर गुठळी धरते आणि वाहिनी बंद पडते. फाटणारा थर मोठाच असतो असं नाही, त्यामुळे काल ट्रेडमिलवर धावलेल्या माणसालाही आज अटॅक येऊ शकतो. सिगारेट हे फाटणं आणि रक्त गोठणं दोन्ही वाढवते. तरुणपणी अटॅक आलेल्यांत सिगारेट ओढणारे मला इतके भेटलेत की हिस्टरी घेताना तो प्रश्न मी आधी विचारतो.

वडिलांचंही तसंच. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर आम्ही घराण्यात लवकर येणारा हृदयविकार धरतो. साधारण २५० पैकी एका माणसात जन्मापासून एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) खूप जास्त ठेवणारा आनुवंशिक दोष असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो. लिपिड प्रोफाइल, शुगर, बीपी एवढं लगेच करून घ्या. लायपोप्रोटीन-ए (रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा, आनुवंशिकतेने ठरणारा कण) नावाची तपासणी आयुष्यात एकदा केली तरी पुरते, तीही करा. एलडीएल १९० च्या वर आलं तर "अजून तरुण आहे, बघू पुढे" असं कुणालाही म्हणू देऊ नका.

रात्री तुम्ही जे व्हिडिओ बघता, खेळता खेळता कोसळणारे तरुण, त्यातले बरेच अटॅकचे नसतात. २०२१ मध्ये डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन मैदानावर कोसळला तो कार्डिॲक अरेस्ट होता, म्हणजे हृदयाची लय बिघडून ते थांबणं. जागीच सीपीआर (छाती दाबत राहणं) आणि विजेचा झटका मिळाला म्हणून तो वाचला. तुम्हाला व्यायाम करताना कधी चक्कर येऊन शुद्ध हरपली असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. नाहीतर व्हिडिओ बंद करा आणि झोपा.

छातीत दडपण दहा-पंधरा मिनिटं हटत नसेल, ते हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, घाम फुटला असेल, तर स्वतः गाडी चालवत जाऊ नका, ॲम्ब्युलन्स बोलवा. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खा. गॅस आहे की अटॅक हे घरी बसून ठरवू नका, मलाही ते नुसतं बघून ठरवता आलं नव्हतं.

रिपोर्ट आले की एलडीएलचा आकडा इथे लिहा. आणि वडिलांना अटॅक आला तेव्हा त्यांचं नेमकं वय काय होतं तेही घरी विचारून ठेवा.