सॉकेट फक्त स्वतःचेच ऐकते तेव्हा

प्रश्न : पायथनमध्ये लिहिलेला माझा सर्व्हर माझ्या लॅपटॉपवर चालतो, त्याच वाय-फायवरील मैत्रिणीला मात्र जोडता येत नाही. असे का?
– एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : आपण ‘बाइंड’ करताना, म्हणजे सर्व्हरच्या सॉकेटला (जोडणी स्वीकारणाऱ्या टोकाला) पत्ता नेमून देताना, १२७.०.०.१ हा पत्ता दिला असावा. तो संगणकाने स्वतःशीच बोलण्याचा पत्ता असल्याने बाहेरून आलेली जोडणी त्या सॉकेटपर्यंत पोहोचतच नाही. बेळगावच्या खडेबाजारातील इमारतीचा पत्ता म्हणजे आयपी आणि आतील गाळ्याचा क्रमांक म्हणजे पोर्ट, असे समजा. आपला गाळा उघडा आहे, पण रस्त्याकडचे दार बंद आहे. ‘बाइंड’मध्ये १२७.०.०.१ऐवजी ०.०.०.० (म्हणजे लॅपटॉपचे सर्व पत्ते) लिहा आणि मैत्रिणीला आपल्या लॅपटॉपचा, बहुधा १९२.१६८ने सुरू होणारा, पत्ता व तोच पोर्ट वापरायला सांगा. तरीही जोडणी झाली नाही, तर लॅपटॉपच्या फायरवॉलमध्ये (बाहेरच्या जोडण्या अडवणाऱ्या सुरक्षा-यंत्रणेत) त्या पोर्टला परवानगी द्या. हा गोंधळ नवशिक्यांचा हमखास होतो, त्यामुळे मुळीच खचू नका.