काकांच्या ट्रंकेत ब्लू नोट या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीची जॅझ एलपी सापडली. ती मूळ छपाईची आहे का, आणि ग्रेड (तबकडीच्या अवस्थेचा दर्जा) कशी ठरवायची?

लेबलावर न्यूयॉर्कचा पत्ता आहे एवढ्यावरून ठरवू नका. कंपनी लिबर्टी या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीकडे गेल्यावरही उरलेली जुनी लेबलं नव्या तबकड्यांवर लागली होती. पक्की खूण शेवटची खाच आणि लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यात सापडते. तिथे कानासारखं दिसणारं बारीक चिन्ह असेल, तर तबकडी प्लास्टिलाइट कारखान्यात, म्हणजे साधारण 1966 पर्यंत दाबलेली. जवळच इंग्रजीत ‘आरव्हीजी’ किंवा ‘व्हॅन गेल्डर’ असेल, तर तबकडीची मूळ प्रत (मास्टर) ध्वनिमुद्रक रुडी व्हॅन गेल्डर यांनी कापलेली. दोन्ही खुणा दिसल्या तर मला खरंच फार आनंद होईल!

ग्रेडसाठी सराफ्यात दागिना पारखतात तशी तबकडी एकाच दिव्याखाली तिरपी फिरवून बघा. ओरखड्यावरून नख हलकेच फिरवा. नखाला लागला तर तो बहुधा ऐकूही येणार. मग ‘नियर मिंट’ (जवळपास नवी) विसरा. ‘व्हीजी प्लस’ (व्हेरी गुड प्लस) म्हणजे वरवरच्या खुणा असतात, ऐकताना त्रास नसतो. नुसत्या ‘व्हीजी’त संथ जागी खरखर जाणवते. पण वाजवल्याशिवाय शेवटची ग्रेड देऊ नका. जड सुईने झिजलेली खाच दिसायला चकचकीत असते आणि ट्रम्पेटचा सूर चढला की आवाज फाटतो. कव्हरची ग्रेड वेगळी लिहा.

आणि ती ट्रंक माळ्यावर असेल तर आजच खाली काढा. इंदूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली एलपी वाकतात. आडव्या रचू नका, उभ्या ठेवा.