कोड लिहिता येतो, पण ओपन सोर्स प्रकल्पात पहिला बदल कसा पाठवू?

तुमचा प्रश्न असा की गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) जुजबी येतं, पण काम कोणतं निवडायचं कळत नाही आणि पाठवलेलं नाकारतील याची धास्ती वाटते. एका लहान प्रकल्पात आलेल्या पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा हा बदल सामावून घ्या' अशा विनंत्या, मी तपासतो, त्यामुळे पलीकडच्या बाजूने सांगतो.

प्रकल्प शक्यतो स्वतः वापरता तोच घ्या. बऱ्याच ठिकाणी नवख्यांसाठीच्या कामांना 'गुड फर्स्ट इश्यू' असं लेबल असतं. लिब्रेऑफिसवाले त्यांना 'ईझी हॅक्स' म्हणतात. पण वापरताना तुम्हालाच काही खटकलं असेल तर ते आधी घ्या, कारण तिथे नेमकं काय व्हायला हवं हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. त्यावर आधीच कोणी काम करतंय का, तेवढं बघून घ्या.

कोडला हात लावण्याआधी प्रकल्प आहे तसा बिल्ड करा, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्रॅम तयार करा, आणि त्याच्या सगळ्या टेस्ट (कोड नीट चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम) चालवा. कंटाळवाणं आहे, पण एखादी टेस्ट मुळातच फेल होत असेल तर ती नंतर तुमच्या माथी येत नाही. बिल्डच्या सूचनांमधली एखादी पायरी जुनी झालेली सापडली, तर ती दुरुस्त करून पाठवा. असं योगदान मला फार मोलाचं वाटतं. रोज तिथे वावरणाऱ्या आम्हाला ती चूक दिसतच नाही.

आता समजा, रिकामी फाइल दिली की प्रोग्रॅम क्रॅश होतो. आधी रिकामी फाइल देणारी टेस्ट लिहा, ती फेल होताना बघा, मग दुरुस्ती करा. कमिट करण्यापूर्वी, म्हणजे बदलाची गिटमध्ये नोंद करण्यापूर्वी, गिट डिफ (कोणत्या ओळी बदलल्या ते दाखवणारा तपशील) ओळ न् ओळ वाचा. नेहमी दिसणारा प्रकार सांगतो: खरा बदल तीन ओळींचा, पण सेव्ह करताना एडिटरने अख्ख्या फाइलचं इंडेंटेशन बदललेलं. डिफमध्ये शेकडो ओळी लाल-हिरव्या, आणि त्यातून त्या तीन हुडकायच्या. 'गिट ॲड -पी' वापरलंत तर बदलाचा एकेक तुकडा समोर येतो आणि नको तो वगळता येतो. एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच गोष्ट ठेवा. वाटेत दुसरा बग दिसला तर त्याची नोंद वेगळी करा.

कमिट मेसेजमध्ये नुसतं 'बग फिक्स' लिहू नका. काय बिघडत होतं, कशामुळे, आणि हाच उपाय का केला, हे दोन-चार ओळींत लिहा. पुढे कधीतरी कोणी कोडमधली तुमची ती ओळ उकरून बघेल, तेव्हा त्याच्या हाती एवढंच असणार आहे.

पाठवायची रीत प्रकल्पागणिक वेगळी असते. गिटहबवर आधी फोर्क (प्रकल्पाची तुमच्या खात्यातली प्रत), त्यात ब्रँच (बदलासाठीची वेगळी शाखा), मग पुल रिक्वेस्ट. लिनक्स कर्नलमध्ये पॅच (बदलाचा मजकूर) ईमेलने जातो आणि त्यात 'साइन्ड-ऑफ-बाय' ही, बदल पाठवण्याचा हक्क तुम्हाला असल्याची ग्वाही देणारी, ओळ लागते. 'कॉन्ट्रिब्युटिंग' नावाची फाइल असेल तर आधी ती वाचा.

रिव्ह्यूमध्ये बदल सुचवले, तर काम आवडलं नाही असं समजू नका. ज्यात काही अर्थ नाही त्यावर कोणी एवढा वेळ घालवत नाही. दुरुस्त्या त्याच ब्रँचवर पुश करा, नवी रिक्वेस्ट उघडू नका. पटलं नाही तर कारण विचारा. आठ-दहा दिवस काहीच उत्तर नाही आलं, तर तिथेच एका ओळीत आठवण करा. बहुतेक मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, हे काम नोकरी सांभाळून करतात, त्यामुळे आठवणीचा राग कोणी सहसा धरत नाही.