एफडी मोडून पोर्ट्रेट शिकायला जाऊ का?

प्रश्न : मी फोंड्याला राहते, वय ३४. खाजगी कंपनीत अकाउंट्स बघते, हातात २७,००० येतात. चित्रकला कुणाकडे शिकले नाही, पण चार वर्षं लोकांना तैलरंगात कौटुंबिक पोर्ट्रेट करून देते. गेल्या वर्षी १४ केली, एकाचे ९,००० घेते. पुण्यात १० महिन्यांचा शरीररचना आणि पोर्ट्रेटचा वर्ग आहे. फी २,४०,०००, राहणं-जेवण महिना १२,०००. नोकरी सोडावी लागेल. ४,५०,००० ची एफडी मोडू का? आई माझ्यावर अवलंबून आहे, तिला महिन्याला १२,००० लागतात.

उत्तर : ताई, शिकायला तर हवंच, पण नोकरी सोडून आणि एफडी मोडून नको.

तुम्ही कामाची नोंद नीट ठेवून सोबत पाठवली आहे, म्हणून बोलणं सोपं झालं. एका चित्राला कॅनव्हास, रंग, फ्रेम मिळून १,८०० जातात, ७,२०० उरतात. काम ३५ तासांचं, आणि त्यानंतर ‘आजोबा आजोबांसारखे दिसत नाहीत’ म्हणून दुरुस्तीचे १२ तास. माझी नजर त्या १२ तासांवरच अडकली. त्यांच्यासकट तुम्हाला तासाला साधारण १५३ रुपये सुटतात. ते वाचले तर २०६. वर्षाच्या १४ चित्रांत १६८ तास दुरुस्तीत जातात, म्हणजे जवळजवळ पाच नवी चित्रं.

हे तास का जातात, हे तुम्ही पाठवलेल्या फोटोंतच दिसतं. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मुंबईहून मूळ घरी आलेलं कुटुंब मोबाइलवर जवळून काढलेला फोटो देतं. त्यात नाक मोठं येतं, कान मागे जातात, आणि चौकटी आखून उतरवलं की ती चूक कॅनव्हासवर जशीच्या तशी येते. वारलेल्या आजोबांचा तर फ्लॅशमध्ये काढलेला पासपोर्ट फोटो, त्यात सावलीच नाही. त्यांना खिडकीच्या उजेडात बसलेल्या नातवाशेजारी बसवायचं, तर भुवईच्या हाडाची आणि गालफडाची सावली कुठे पडेल हे आतून माहीत असावं लागतं. फोटो ते सांगत नाही, कवटीचा अभ्यास सांगतो. म्हणून अ‍ॅनाटॉमीवरचा खर्च मी हौस धरत नाही, धंद्यातली गुंतवणूक धरतो.

आता पुण्याचा हिशेब. फी आणि राहणं ३,६०,०००, बुडालेला पगार २,७०,०००. एकूण ६,३०,०००. आजच्या दराने ते भरून यायला ८८ चित्रं लागतील, म्हणजे सहा वर्षांहून जास्त. शिकून आल्यावर दर १५,००० केलात तरी ४८ चित्रं, साडेतीन वर्षांच्या आसपास. आणि तेवढी गिऱ्हाइकं त्या दराला येतील, याला अजून कसलाच आधार नाही. शिवाय त्या १० महिन्यांत आईचे १,२०,००० लागणार. एफडी पूर्ण संपेल, वर ३०,००० कमी पडतील. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक सहसा अर्धा-एक टक्का व्याज कापते, ते वेगळंच. परत याल तेव्हा नोकरीही नसेल आणि कंपनीचा मेडिक्लेमही. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचं संरक्षण आहे. नसेल तर आधी ते काढा. आईचं वय पाहता हे मला वर्गापेक्षा निकडीचं वाटतं.

माझा प्रस्ताव असा. गेल्या वर्षी चित्रांतून १,००,८०० उरले, त्यातले ६०,००० या वर्षी शिक्षणाला काढा : शिकवणीला ४०,०००, समोर बसणाऱ्या माणसांना मानधन १२,०००, कवटीचं मॉडेल, कोळसा आणि कागद ८,०००. पणजीला आल्तिन्यावर गोवा कला महाविद्यालय आहे. तिथे शिकलेल्यांपैकी रविवारी शिकवणारं कुणी मिळतं का, ते स्वतः जाऊन विचारा. तुमची पोर्ट्रेट कमरेपर्यंतची असतात, तेव्हा २०६ हाडांच्या मागे लागू नका. आधी कवटी, मान, गळ्याची हाडं, मग हात. मुलांचे चेहरे वेगळे शिका : मोठ्यांचे डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात, लहान मुलांचे त्याखाली. तुमच्या चित्रांतली मुलं प्रौढ दिसतात ती बहुधा यामुळेच.

पणजीतच फोंतेन्हासला फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत चित्रकार आंतोनियो शावियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांची चित्रं आहेत. हा गोव्याचा माणूस मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकला, तिथेच शिकवलं, आणि घरच्या माणसांना समोर बसवून अप्रतिम पोर्ट्रेट केली. वही घेऊन जा, फक्त हात काढा.

दर आजच ११,००० करा, अर्धे आगाऊ घ्या, आणि कच्चं रेखाटन गिऱ्हाइकाने पसंत केल्याशिवाय रंगाला हात लावू नका. दुरुस्त्या निम्म्याने तरी तिथेच कमी होतील. चवथीच्या ऑर्डरी मेअखेर बंद करा. पावसाळी दमट हवेत तैलरंग वाळायला वेळ घेतो. चित्रांचं उत्पन्न आयकर विवरणात दाखवा. कर बहुधा लागणार नाही, पण पुढे कर्ज घ्यायचं झालं तर ती नोंद उपयोगी पडेल.

नोकरी सोडायचा विचार सलग १२ महिन्यांत खर्च वजा जाता २,००,००० उरले, आणि त्यातली निम्मी कामं चवथ-दिवाळीबाहेरची असली, तर करा. तेव्हा पुण्याचा वर्ग पुन्हा मांडू, आणि त्याची फी चित्रांच्या पैशातून भरू.