तापवलेला तलाव आणि बोअरचे पाणी

प्रश्न : आमच्या बंगल्याच्या मागच्या अंगणात साठ हजार लिटरचा पोहण्याचा तलाव आहे. तो बोअरच्या पाण्याने भरलेला असून, या हिवाळ्यापासून हीट पंप लावून पाणी ३० अंशांवर ठेवतो. तेव्हापासून पाणी दुधाळ दिसते, फरशांवर पांढरा खरखरीत पट्टा धरला आहे आणि हीट पंपातून पाणीही कमी येते. तलावाची निगा राखणारे गृहस्थ रोज टीसीएल (पाण्यात क्लोरीन सोडणारी) पावडर टाकतात. पीएच उतरवायला ॲसिडही घालतात, पण दोन दिवसांत तो पुन्हा ८.२ होतो. तपासणीत अल्कलिनिटी २६० आणि कठीणपणा ५२० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आला. दुकानदार खाण्याचा सोडा टाकायला सांगतो. तो टाकावा का?
— एक वाचक, वर्धा रोड, नागपूर

उत्तर : सोडा अजिबात टाकू नये. त्याने अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची ॲसिड पचवण्याची क्षमता, वाढते, आणि आपल्या पाण्यात ती आधीच ८० ते १२० पीपीएम या योग्य पातळीच्या दुपटीहून जास्त आहे.

बेसाल्टच्या खडकातून वर येणारे बोअरचे पाणी कॅल्शियम घेऊनच येते. थंड पाण्यात त्याचा चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, बराच काळ विरघळलेला राहतो. परंतु मीठ-साखरेच्या उलट, कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळते. पाणी चुना सोडणार की विरघळवणार, हे सांगणारा निर्देशांक अमेरिकी संशोधक लँगेलियर यांनी १९३६ मध्ये मांडला. त्या हिशेबाने पाणी १६ अंशांवरून २९ अंशांवर नेणे हे, थर धरण्याच्या दृष्टीने, पीएच ०.३ ने वाढवण्याइतकेच आहे. हा निर्देशांक शून्याच्या आसपास असावा; त्याहून वर गेला की पाणी चुना सोडते. आपल्या आकड्यांवरून तो दीडच्या घरात जातो; दुधाळ पाणी आणि पांढरा पट्टा त्यामुळेच. हीट पंपाच्या आतली नळी तलावातील पाण्याहूनही गरम असल्यामुळे चुना सर्वांत आधी तिथेच बसतो, म्हणूनच पाणी कमी येत असावे.

पीएच वारंवार का चढतो, याचे कारण अल्कलिनिटीतच आहे. अशा पाण्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर विरघळलेला असतो. तो हवेत निघून गेला की पीएच वर जातो, आणि उष्णता व पाण्याची खळबळ या दोन्हींमुळे तो लवकर निघतो. त्यामुळे थोडेथोडे ॲसिड घालून केवळ पीएचच्या मागे लागण्यात अर्थ नाही. अल्कलिनिटी ८० च्या जवळ येईपर्यंत ॲसिड नेटाने चालू ठेवावे लागेल.

त्याआधी तलावातील एक तृतीयांश पाणी काढून त्या जागी कमी कठीण पाणी भरावे. घरी महापालिकेच्या नळाचे पाणी, म्हणजे पेंच किंवा कन्हानचे, पुरेसे येत असेल, तर त्याचा कठीणपणा मोजून तेच वापरावे. गच्चीवरचे पावसाचे पाणी साठवण्याची सोय असेल तर त्याहून उत्तम, कारण त्यात कठीणपणा जवळजवळ नसतो. तलाव पूर्ण रिकामा मात्र करू नये; जमिनीतील पाण्याचा दाब खालून आल्यास बांधकामाला धोका होतो.

पाणी बदलल्यावर अल्कलिनिटी २०० वर आली असे धरू. साठ हजार लिटरमध्ये ती १० पीपीएमने उतरवायला ३० ते ३३ टक्क्यांचे हायड्रोक्लोरिक ॲसिड सुमारे सव्वा लिटर लागते, म्हणजे ८० पर्यंत यायला एकूण १४-१५ लिटर. ते एकदम घालू नये. दिवसाला एक लिटरच्या आत, बादलीतील पाण्यात ॲसिड ओतून (ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही), पंप चालू असताना आणि तलावात कोणी नसताना, स्वच्छ पाणी तलावात येते त्या तोंडासमोर सोडावे. स्किमरमध्ये (तलावाच्या पृष्ठभागावरचे पाणी पंपाकडे ओढणाऱ्या तोंडात) घातल्यास तेच तीव्र पाणी हीट पंपात जाऊन तांबे खाते. रोज पीएच मोजून तो ७.२ च्या खाली जात असेल तर त्या दिवशी ॲसिड टाळावे, पुढे ७.४ ते ७.६ टिकवावा.

टीसीएल पावडरची सवय मात्र बदलावी लागेल, आणि आपल्या तक्रारीत तिचा वाटा मोठा आहे असे माझे मत आहे. तिच्यातील कॅल्शियम हायपोक्लोराइटने १० पीपीएम क्लोरीन दिला की कठीणपणा सुमारे ७ पीपीएमने वाढतो. रोज २ पीपीएम धरले तरी महिन्याला चाळीसेक पीपीएमची भर पडते. साध्या ब्लीचिंग पावडरीतला जास्तीचा चुना वेगळाच. त्याऐवजी द्रव सोडियम हायपोक्लोराइट वापरावे. ते आणि ॲसिड एकत्र किंवा एकाच बादलीत कधीही येऊ देऊ नये. विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

हीट पंपात बसलेला थर जाणकार तंत्रज्ञाकडून सौम्य सल्फॅमिक ॲसिडने काढून घ्यावा.

प्रश्न : तलावाला क्लोरीनचा उग्र वास येतो आणि मुलांचे डोळे चुरचुरतात. क्लोरीन बंद करावा का?
— एक वाचक, काटोल रोड, नागपूर

उत्तर : उलट, तो बहुधा कमी पडतो आहे. घाम आणि लघवीतील नत्रयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होते आणि तो वास त्याचाच असतो. पाणी तपासण्याच्या किटने एकूण क्लोरीनमधून मुक्त (कशाशीही संयोग न झालेला) क्लोरीन वजा करून पाहावे. फरक ०.४ पीपीएमहून जास्त असेल, तर त्या फरकाच्या दहापट क्लोरीन एका रात्री देऊन, तलावावरचे आच्छादन काढून पंप चालू ठेवावा. मुक्त क्लोरीन ३ पीपीएमच्या जवळ उतरेपर्यंत मुलांना पाण्यात पाठवू नये.