बाल्कनीतल्या कुंडीत बुलबुलाने घरटं केलंय, अंडी आहेत. कुंडी दुसरीकडे हलवली तर चालेल का?

नाही, आत्ता हलवू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मधल्या कलम 2(16) नुसार वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं हेसुद्धा ‘शिकार’ या व्याख्येत येतं. शिवाय जागा बदलली की नर-मादी बहुधा घरटं सोडून देतात. थांबायचंही फार नाही: लालबुड्या बुलबुलाची अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात आणि पुढच्या दोनेक आठवड्यांत पिल्लं उडून जातात. तोवर पाणी घालताना घरटं भिजू देऊ नका, फोटोसाठी सारखं डोकावू नका. पिल्लू खाली पडलंच तर अलगद उचलून परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, ही निव्वळ समजूत. घरटं रिकामं झाल्यावर मात्र कुंडी खुशाल हलवा.